वृत्तीची वाटणी

मी महिपती अंबाजी केदारी, शाळामास्तर, राहणार मळवली, तालुका मावळ, शुद्धीवर असताना व कुणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र करतो. डोके ठिकाणावर आहे; छातीचे तेवढे सांगवत नाही. बसवत नाही म्हणून दारातून आत, आतून दारात फिरत सांगतो आहे आणि लोणावळ्याचे अर्जनवीस ताजुद्दीनभाई लिहून घेत आहेत. घाई आहे, कारण माघात घरात लग्न काढले आहे आणि मला ते होऊ द्यायचे नाही.

कलम १. मला मूलबाळ नाही. पत्नी कस्तुराबाई निवर्तली. तिची तांब्याची घागर नंदाबाईस द्यावी. नंदाबाई ही माझे थोरले बंधू गेणूभाऊ यांची नात, सहावीत शिकते. लग्न तिचेच.

कलम २. लहानपणी मला सरकारी शिष्यवृत्ती लागली. गावाला वृत्ती ठाऊक ती जोशीबुवांची, पंचांग सांगण्याबद्दलची, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी, भावाभावांत वाटली जाणारी. आमच्या आबांनी गूळ वाटला, “आता आमच्या घरात बी वृत्ती आली,” म्हणून. मी पुण्यास गेलो आणि माझ्या वाटची भाताची चिखलणी गेणूभाऊच्या अंगावर पडली. तो आजही विचारतो, “माजी निम्मी वृत्ती कुटं हाय?” परीक्षेबरोबर ती संपली, हे सांगून माझी जीभ झिजली. त्याला वाटते मास्तरने गिळली. आबांना स्मशानात पोचवून परततानाही त्याने हेच विचारले, त्याचा राग मला अजून येतो. पण ती वृत्ती नसती तर मीही त्याच्या शेजारी गुडघाभर चिखलातच असतो, हे आठवले की राग टिकत नाही.

कलम ३. आमचा बांध कोरणारा शेजारी हौशीराम तेव्हा पारावर बोलला होता, “कुणब्याचं प्वार, चार दिसांत पळून यील.” त्यास माझी छत्री द्यावी. ती गळते. ताजुद्दीनभाई म्हणतात, हे मृत्युपत्रात शोभत नाही. शोभो न शोभो, लिहावे.

कलम ४. गेणूभाऊचे म्हणणे मी आज मान्य करतो. वृत्ती घराचीच. माझ्या कमाईचे ओढ्यालगतचे भातखाचर मी त्या वृत्तीला लावून देतो. पण जोशीबुवांचाच नियम चालेल: जो पंचांग सांगेल त्याने वृत्ती खावी. आमच्या वृत्तीची चाकरी म्हणजे शिकणे, आणि घरात शिकते एकटी नंदा. खाचर गेणूभाऊने कसावे. निम्मे भात त्याचे, निम्मे तिच्या शिक्षणाचे, सातवीची फायनल आणि पुढे पुण्यास शिकेल तोवर. मग खाचर तिचे. त्याआधी तिचे लग्न लावल्यास खाचर हौशीरामास जावे.

हे वाचून दाखवताच गेणूभाऊ उठला. “हौशाला? माज्या जिवात जीव हाय तवर न्हाई.” मग खाली बसून म्हणाला, “वराळ्याच्या सोयऱ्यास्नी काय सांगू?”

मी म्हटले, “भाऊ, पोरीला वृत्ती लागली म्हणून सांग.”

 तो साक्ष घालायला तयार झाला, आणि त्याने नंदाला हाक मारली.

मुक्काम मळवली, मार्गशीर्ष, शके १८६६.

सही: महिपती अंबाजी केदारी
लिहून घेणार: ताजुद्दीन, अर्जनवीस, लोणावळा
साक्ष: नथू बजरंग तिकोने, सही
साक्ष: गेणू अंबाजी केदारी, निशाणी नांगर. अक्षर नात नंदाबाई हिचे.