नऊ वाजताचा नंबर

कोपर, डोंबिवली पश्चिम
ता. १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चि. केदार,

आशीर्वाद लिहिते, लिहायची रीत आहे म्हणून. मी बरी आहे. गुडघा दुखतो, तो तू विचारत नव्हतास तेव्हाही दुखतच होता. पोळ्यांच्या ऑर्डरी चालू आहेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. चौथी शिकलेल्या बहिणीचं अक्षर आहे, लावून वाच.

तुझ्या श्रियाच्या साखरपुड्याचं आधी लिहिते. पोर साडीत छान दिसत होती. मी तिच्या ओटीत घालायला नारळ घेऊन पुढे झाले तर तुझी देवयानी म्हणाली, "ताई, राहू दे. आधी आमच्या घरातून नेलेलं परत करा, मग ओटी भरा." व्याही समोर बसलेले. तिने बँकेचे कागद बघितलेले, सात वेळा पैसे माझ्या नावावर गेलेत. तिचं काय चुकलं? कागद खरेच आहेत. मी तुझ्याकडे बघितलं. तू पेढ्यांचा बॉक्स उघडत होतास. तो उघडलेलाच होता.

नारळ घरी आणला. फोडून चटणी केली.

मागच्या वर्षी श्रावणात तू आलेलास, ते आठवतंय का? चार वर्षांनी माझ्या घरी. समोसे घेऊन. पिठाच्या डब्यावर बसलास आणि म्हणालास, "ताई, शेअरबाजारात ऑप्शन म्हणून असतं. माझ्या सरकारी नोकरीत ते चालत नाही, देवयानीला पण पटायचं नाही. तुझ्या नावावर खातं काढू."

म्हटलं, मला काय कळतं त्यातलं.

"तुला काही करायचं नाही. सही कर फक्त. वाचण्यासारखं काही नाही त्यात."

मग मोबाईल माझ्या तोंडासमोर धरलास. डोळे मिट, उघड, मान डावीकडे कर. गालाला पीठ लागलेलं ते पण पुसायला लावलंस. धंदा काय लिहिलास, तर केटरिंग. वर्षाची कमाई दहा लाख. मी हसले. दहा लाख असते तर या शेगडीपुढे बसले असते का? तू म्हणालास, "ऑप्शनवाल्यांना पोळीवाली चालत नाही, ताई. खात्यात कमाई दिसावी लागते." म्हणून माझ्या खात्यात पैसे पाठवत राहिलास. मग तेच पैसे तिकडे लावलेस. श्रियाच्या लग्नासाठी ठेवलेले होते ते, हे मला तेव्हा सांगितलं नाहीस.

ऑप्शन म्हणजे काय ते मात्र सांगितलेलंस. बाजार वर जाणार की खाली, त्यावर थोडे पैसे लावायचे. बरोबर आलं तर दुप्पट, चुकलं तर तेवढेच जातात. तेवढेच, असं म्हणालेलास. रोज तेवढेच गेले तर महिन्याचे किती, हे चौथीवालीला पण कळतं. मी विचारलं नाही.

का विचारलं नाही, ते लिहायचं नव्हतं मला. पण आता बसलेच आहे.

ते खातं रोज उघडायला माझ्या मोबाईलवर सहा आकडी नंबर यायचा. तो घ्यायला तू रोज सकाळी नऊला फोन करायचास. माझे हात कणकेत, फोन डब्याला टेकवलेला. सुरुवातीला नंबर घेतलास की ठेवायचास. मग एकदा विचारलंस, आज भाजी काय? म्हटलं, दुधी. तू म्हणालास, आई दुध्यात चणाडाळ घालायची. तिथून दोन-चार वाक्यं रोज व्हायला लागली. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, पण ठाण्यात खोपटला ब्लॉक घेतलास तेव्हापासून दिवाळी सोडून तुझा आवाज नव्हता. आता रोज. मी पावणेनऊलाच हात धुऊन बसायला लागले. शनिवार-रविवार बाजार बंद, ते दोन दिवस आवडेनासे झाले मला.

मंगळवारी तुमच्या ऑप्शनचा आठवडा मिटतो ना, लावलेल्या पैशांचा निकाल लागतो? बुधवारच्या तुझ्या आवाजावरून कळायचं, गेले. त्या दिवशी भाजीचं नाव निघायचं नाही. तरी मी नंबर दिला. कळत असून दिला. थांब म्हटलं असतं तर फोन थांबला असता.

झालं, लिहिलं.

साखरपुडा रविवारी झाला. सोमवारी नऊला फोन वाजला. मला वाटलं, भाऊ काहीतरी बोलेल. तू म्हणालास, "ताई, नंबर."

मी फोन ठेवला. त्या दिवशी पन्नास पोळ्यांची ऑर्डर सोडून ठाण्याला, खातं काढलंय त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथली मुलगी विचारते, "मॅडम, किती वर्षं ट्रेडिंग करता?" म्हटलं, मी पोळ्या करते, तू आकडा सांग. सहा लाख ऐंशी हजार गेलेत. शिल्लक दोन हजार तीनशे. खातं बंद करून आले. त्याला आज आठ दिवस झाले. नंबर नाही, म्हणून फोन नाही. माझी गरज तेवढीच होती तर तसं सांगायचंस, मी पावणेनऊला हात धुतले नसते.

परवा देवयानीचा मेसेज आला. महिनाअखेर लग्नाच्या हॉलचे भरायचे आहेत, तोवर पैसे द्या. तिला वाटतंय पैसे माझ्याकडे आहेत. म्हणजे तिला अजून वाटतंय, पैसे आहेत. आणि तू तिला तसं वाटू देतोयस.

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकणार होते. घरच्या पत्त्यावर टाकतेय. तू सातला घरी येतोस. टपाल दुपारी येतं.

देवयानी, पाकिटावर नाव त्याचं आहे, पण वाचत तूच असणार. पैसे माझ्याकडे नाहीत, कुठेच नाहीत. हॉलचे भरू नकोस. व्याह्यांना बाहेरून कळायच्या आत तुम्ही दोघांनी सांगा. मला बोललीस ते लगेच परत घेऊ नकोस, नंबर मीच दिलेत. दोन हजार तीनशे आलेत ते श्रियाचे. नारळ नवीन आणीन, बोलावलंस तर.

त्याच्या कागदावर न वाचता सही केलेली. हे दोनदा वाचलं, मग केली.

सुमती