केतकीला घोड्यावर चढू देऊ नका

केतकीच्या बाबांना,

कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून बदलीला निघून जायचं, ही कुठली रीत? फोनवर तुम्ही सगळं हसण्यावारी नेता, म्हणून लिहिते.

वर्षभराच्या गुणांत पोरगी हौशी स्वारांत पहिली आहे. शेवटची स्पर्धा पंचवीसला, ग्रेटर नोएडात. ओंडक्यांवरून घोडा उडवायचा. त्यात उतरली तरच वर्षाचं बक्षीस. पण दहा दिवसांपूर्वी ती पडली आणि मला बोललीच नाही. हेल्मेट पुसायला घेतलं तेव्हा तडा दिसला.

म्हणते, "आई यार, घोडा घसरला, मी नाही." काल जेवताना तिने आज वार कोणता म्हणून तीनदा विचारलं. माझी पोळी तव्यावरच जळली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, "स्पर्धेनंतर. बाबांची सही आहे ना!"

बाकी इथे ठीक. तुमचा खोकला गेला का?

कोच माझं ऐकत नाही, फॉर्मवर नाव तुमचं. सही मागे घेतली, असं स्वतःच्या हाताने लिहा आणि स्पीडपोस्टने पाठवा. वीस तारखेच्या आत मला कागद हवा.

उल्का