जवसाच्या चटणीच्या डब्याची किल्ली

मी, प्रेमदास रामाजी ताकसांडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा हॉट डॉगची हातगाडी, राहणार वर्धा, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दम देऊन किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलायला दोघे-तिघे येऊन गेले, त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. टायपिस्टवर माझा भरवसा नाही, म्हणून सगळं माझ्याच अक्षरात आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहावं, मजकूर वाचू नये. हे विशेषतः सदाशिवरावांसाठी.

१. दोन खोल्यांचं घर आणि मागची पत्र्याची शेड मुलगा रत्नदीप याला. बँकेतली ठेव मुलगी मयुरी, सध्या राहणार सिंदी (रेल्वे), हिला. यावरून भांडण होणार नाही. भांडण होईल ते गाडीवरून आणि चटणीवरून. ती चटणी चुकीच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठीच हा कागद करतो आहे.

२. गाडी १९९१ पासून कॉलेजच्या फाटकासमोर उभी आहे. त्याआधी नागपूरच्या एका हॉटेलात भांडी घासताना मी पहिला हॉट डॉग पाहिला. आतलं सॉसेज कशाचं असतं हे आचाऱ्याला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. तेव्हाच ठरवलं, आपण विकू त्यात काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. म्हणून माझ्याकडे लांब पाव, आत अंड्याची गुंडाळी, वर बारीक कांदा आणि जवसाची चटणी. हा माझा सगळ्यात आवडता. दुसरा नंबर रविवारच्या खिम्याचा. बटाट्याचा मी फक्त विकतो, खात नाही.

३. नावडते: मेयोनीज, चीज, मक्याचे गोड दाणे आणि गोड लाल सॉस. मेयोनीज खालचं सगळं झाकून टाकतं, आणि झाकणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. गिऱ्हाइकांचंही तसंच. कांदा नको म्हणणारा कुठेतरी जाणार असतो आणि घरी सांगितलेलं नसतं. चटणी वेगळी द्या म्हणणारा ती पुडीत बांधून नेतो. अशी पुडी नेताना २०१८ साली एकाला मी स्वतः पाहिला.

४. त्याच महिन्यात माझ्या बहिणीचा मुलगा राकेश याने एसटी स्टँडसमोर हॉट डॉगची गाडी लावली. वर जवसाची चटणी. जाब विचारला तर म्हणाला, "मामाजी, जवस काय तुमच्याच वावरात पिकते? माही माय बी करते चटणी." चोर असाच बोलतो. माझ्या कपाटात "चटणीची कृती" असं लिहिलेला बंद लिफाफा आहे, तो राकेशला द्यावा. आतली कृती खोटी आहे. हे त्याला आधी सांगू नये.

५. माझ्या चटणीत जवस, मिरची, लसूण, मीठ आणि आणखी एक वस्तू असते. ती वस्तू मी कोणालाच सांगितलेली नाही. माझी बायको कमलाबाई २०१६ साली गेली, तिलाही नाही. तरी राकेशपर्यंत गोष्ट पोचली कशी, हे शोधायला मी सापळा लावला. रत्नदीपला सांगितलं, त्यात ओवा असतो. मयुरीला सांगितलं, तीळ. सून पौर्णिमा हिला सांगितलं, बडीशेप. महिनाभरानं टोपी कानापर्यंत ओढून राकेशच्या गाडीवर हॉट डॉग खाल्ला. ओवा नव्हता, तीळ नव्हते, बडीशेपही नव्हती.

शहाण्यानं तिथेच विषय सोडला असता. मी म्हटलं, सापळा ओळखला. एवढं हुशार घरात कोण? पोरं माझी आहेत, ती एवढी हुशार नाहीत. उरली सून. तेव्हापासून तिच्या हातचं मी जेवलो नाही. सात वर्षं शेडमध्ये वेगळ्या शेगडीवर माझी खिचडी मी शिजवली. ती रोज विचारायची, "बाबा, ताट वाढू काय?" मी रोज नाही म्हणायचो.

६. चटणीचा स्टीलचा डबा, कुलपासह. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात असते. आत चटणी कुठवर आहे त्याची मी खिळ्यानं खूण करतो. आता जे लिहितो ते आजवर कोणाला सांगितलं नाही. २०२१ साली कोरोनात माझ्या नाकाचा वास गेला, तो परत आलाच नाही. जवस वासावर भाजायचं असतं, जरा चुकलं की कडू. मी अंदाजानं भाजत राहिलो. गिऱ्हाईक तुटलं नाही, तेव्हा वाटलं, हाताला सवय आहे. रोज चार वाजता सगळ्यांसमोर एक हॉट डॉग मी स्वतः खातो, म्हणजे कोणाला शंका यायला नको.

७. गेल्या महिन्यात सकाळी अंगाला साबण लावला आणि नळ गेला. पंचा गुंडाळून बाहेर आलो, तर आंघोळीपुरती खुंटीला अडकवलेली किल्ली नाही. शेडमध्ये पौर्णिमा बसलेली. माझी चटणी वर्तमानपत्रावर ओतलेली, आणि ती दुसऱ्या भांड्यातून डब्यात खुणेपर्यंत चटणी भरत होती. मी ओरडलो, "चोट्टे, काय करून राह्यली?"

"बाबा, चार वर्षं झाली, तुमची चटणी जळून राह्यली. रोज बदलून ठेवते मी."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुम्ही गाडी सोडली असती. अन् घरात बसून दिवसभर कोनाकोनावर शक घेतला असता?"

"कृती कोनं सांगितली तुले?"

"कोनी नाई. तुमचे सदरे धुते मी. वास येते त्याले. जळलं तेबी सदऱ्यावरूनच समजलं." आणि तिनं त्या एका वस्तूचं नाव घेतलं. बरोबर होतं.

महिनाभर मी यातही काही डाव आहे का ते पाहिलं. तेलकट सदरा नाकाला लावून पाहिला, मला कशाचाच वास आला नाही. त्या दिवशी फार वाईट वाटलं. तिच्या हातचं खात नाही म्हणून मी गावभर सांगत फिरलो, आणि चार वर्षं रोज चार वाजता लोकांसमोर तिच्याच हातची चटणी खाऊन माझी म्हणून मिरवली.

८. म्हणून गाडी, तवा, डबा आणि किल्ली पौर्णिमा रत्नदीप ताकसांडे हिला, तिच्या एकटीच्या मालकीची. रत्नदीपनं गाडीवर उभं राहावं, चीज आणू नये. मेयोनीज ठेवायचं की नाही ते तिनं ठरवावं. मी मध्ये बोलणार नाही. ठेवू नये. खरी कृती मी कुठेच लिहिलेली नाही. जिला हवी तिच्याकडे ती आहे.

९. वरचं सगळं माझ्या मृत्यूनंतर. हे एक कलम मात्र आजपासून लागू. आज संध्याकाळपासून मी घरात जेवीन. हे तिला सांगायला मला तोंड नाही, म्हणून सही झाल्यावर सदाशिवरावांनी आमच्या घरी जाऊन एवढं कलम तिला वाचून दाखवावं. फक्त हेच, वरचं नाही. पौर्णिमा, ताट वाढजो. त्यात काय आहे, ते मी विचारणार नाही.

ठिकाण: वर्धा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: प्रेमदास रामाजी ताकसांडे

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:

१) सदाशिवराव गुल्हाने, पानठेला, गाडीशेजारी
२) धीरज बोबडे, बेकरी (पाव अलीकडे लहान झाला आहे, हे माझ्या लक्षात आहे. प्रे. रा. ता.)