संत्र्याच्या शेडातली रेकॉर्ड

अमरावती,
मंगळवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

उस्ताद गयासुद्दीनभाई यांना अमरावतीहून गजेंद्रचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (एक तुम्हाला, दुसरा तुमच्या गुडघ्यांना. सध्या घरात त्यांनाच जास्त मान आहे असं ऐकतो.) इकडे सगळे बरे आहेत. माझं ब्लडप्रेशर गोळीच्या धाकात आहे. अकोल्याचं ऊन तुम्हाला मानवतं का, लेकीच्या घरी दुपारची झोप मिळते का, ते कळवावं. हे फोनवर विचारलं असतं. पण बँडचा विषय निघाला की तुमच्याकडची रेंज नेमकी जाते. कागदाची जात नाही, म्हणून पत्र.

तर झालं असं, की माझी भाची आचल (पुण्याला रेकॉर्डिंगचं शिकते ती) दिवाळीला आली ती एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक तबकडी घेऊन. म्हणाली, मामा, ही सोल आणि जाझची आहे. सोल म्हणजे जोड्याचा तळ नव्हे, हे तिनं माझं तोंड उघडायच्या आतच सांगितलं. कव्हरवर रंग उडालेला फोटो, ढगळ पँटी घातलेले सहा जण. सुई टेकली, आधी चरचर, मग ड्रम आणि मग एकदम तीन बाजे : ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि खाली एक जाड भोंगा. उस्ताद, मी हातातला कप खाली ठेवला. हे तर आपलेच बाजे! तिघं एका दमात उठतात, एका दमात बसतात आणि गाणारी बाई तोंड उघडते तेव्हा तिघंही गप्प. बाजेवाल्यानं गप्प कधी राहायचं हे आम्हाला तुम्ही शिकवलं (पाठीत धपाटा घालून). मी म्हटलं, ही माझ्या जन्माच्या वेळची दिसते. तर आचल म्हणते, "नाही मामा, मागच्या वर्षीची आहे. मुद्दाम तशी केली त्यांनी."

आता नवी गोष्ट मुद्दाम जुनी करायची म्हणजे नवा शर्ट घेऊन कोपरावर फाडायचा, असं मी बोलून गेलो. त्यावर पोरीनं मला अर्धा तास शिकवलं. या लोकांच्या पाठीमागे कुठली मोठी कंपनी नाही. स्वतःच वाजवतात, स्वतःच थोड्या तबकड्या काढतात, स्वतःच विकतात. सगळे एका खोलीत उभे राहून एकदमच वाजवतात, आणि चुकलं तर चुकलं. आता सांगा, आपण तीस वर्षं दुसरं काय केलं? फक्त आपली खोली रस्त्याएवढी लांब होती आणि मागे घोडा होता. नंतर ती तबकडी मी आठवडाभर ऐकली. मला तिच्यातलं जुनेपण आवडलं असं नाही. जुनेपण माझ्याकडे भरपूर आहे, बायको रोज मोजून दाखवते. आवडलं ते हे, की वाजवणारा माणूस ऐकू येतो. सॅक्सोफोनवाला श्वास घेतो तोसुद्धा. ट्रम्पेटवाल्याचा एक सूर जरासा फाटतो, तो त्यांनी तसाच राहू दिलाय. तो फाटलेला सूर ऐकायला मी सुई तीन-तीनदा मागे नेली.

त्या सुरावरून ती बडनेऱ्याची वरात आठवली. (तुम्हाला आठवण करून देणार नव्हतो, पण आता लिहिलं गेलं.) डीजेची गाडी मागून आली आणि नवरदेवाचा दोस्त तुम्हाला म्हणाला, "काका, बाजूले व्हा, गाडी येऊ द्या." तुम्ही बाजूला झालात. ट्रम्पेट रुमालानं पुसला, पेटीत ठेवला, ऑटोला हात केला आणि गेलात. पेटी त्यानंतर उघडली नाही, हे मला तुमच्या लेकीनं, शहाजादीनं सांगितलं. मी मात्र तिथेच उभा राहून आणखी तासभर वाजवलं. कोणालाच ऐकू येत नव्हतं, मलाही नाही. तुमच्यासोबत ऑटोत बसलो नाही, याची लाज मला अजून वाटते. ते तेव्हा बोललो नाही, आज लिहून टाकतो.

असो. मग आचल म्हणाली, आपणही एक तबकडी काढू. आपला ड्रमवाला भगवंत चांदूर रेल्वेला राहतो. त्याचं संत्री भरायचं शेड सध्या रिकामं आहे. तिथे आम्ही जमलो, मी, भगवंत आणि मोठा भोंगा घेऊन गुलफाम. शेडात आवाज इतका घुमत होता की एकदा शिंकलो तर चार जण शिंकल्यासारखं वाटलं. आचल म्हणाली, भिंतींना गोधड्या लावाव्या लागतील. भगवंत सायकलवर गेला आणि घरून अकरा गोधड्या घेऊन आला. बायकोला विचारलं का, असं कोणी विचारलं नाही. तिथेच चुकलं.

पहिलं गाणं चौथ्या वेळी कुठे जमत आलं होतं. गुलफाम कधी नव्हे तो वेळेवर आला होता (म्हणजे तालावर). तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि भगवंतच्या बायकोचा, माणिकबाईंचा आवाज आला, "माह्या गोधड्या कोनं आनल्या इथी?" भगवंत ड्रमच्या मागे जेवढा लपता येईल तेवढा लपला. मला वाटलं, गेलं सगळं. पण आचलनं कानावरचा हेडफोन घट्ट दाबून धरला होता. ती म्हणाली, "काकू, तसंच पुन्हा बोला नं."

"काय बोलू? गोधड्या काढा म्हनलं."

"एखादं गाणं म्हणा."

"मले गानंगिनं येत नाई. मले भाजी इकता येते."

"मग तेच म्हणा."

पंचवीस वर्षं बाजारात ओरडून या बाईचा गळा कसा झालाय ते तुम्हाला ठाऊकच आहे. सगळी भाजी चाचपून काहीच न घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी माइककडे पाहिलं, आणि सुरू झाल्या. मेथी घ्या, पालक घ्या, सांबार घ्या. भगवंत हळूच ड्रमच्या आडून वर आला आणि ताल धरला. मी मधल्या जागेत सॅक्सोफोनवर उत्तर द्यायला लागलो. दुसऱ्या फेरीला त्यांनी भाजी सोडली आणि त्यांची माय, जिच्याशेजारी त्या लहानपणी बाजारात बसत, तिला हाक मारायला लागल्या, "टोपलं जड झालं वं माय, हात लाव." पुन्हा पुन्हा तेवढंच. मागून रेल्वे गेली, ती पण त्यात आली. कोणी थांबलं नाही. संपलं तेव्हा माणिकबाईंनी पदरानं तोंड पुसलं, भिंतीवरच्या दोन गोधड्या काढून काखेत मारल्या आणि बाकीच्या ऊन दाखवून परत करा म्हणून निघून गेल्या. गुलफाम रडत होता. विचारलं तर म्हणाला, गोधडीची धूळ.

त्या गाण्याचं नाव आम्ही 'सांबार' ठेवलं. आचलनं ते पुण्याच्या मित्रांना पाठवलं, तर त्यांनी विचारलं, सोबत इडली आहे का? आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात असं कळवल्यावर "कमाल आहे" असं उत्तर आलं. गाण्याची की कोथिंबिरीची, ते लिहिलं नव्हतं.

तर सहा गाणी झाली आहेत. तुमच्या जागा मी सॅक्सोफोनवर भरून काढल्या. कोणाला काही कमी वाटलं नाही. तेव्हा आमची काळजी नसावी, तुम्ही आराम करावा. घरातल्या मोठ्यांना आदाब, लहानांना लाड.

तीस वर्षं तुमच्या उजव्या हाताला चालत आलेला,
गजेंद्र

ता. क. : 'कोणाला काही कमी वाटलं नाही' हे वर शाईनं लिहिलंय म्हणून खोडत नाही, पण ते खोटं आहे. शेवटचं गाणं ऐकून आचलनं विचारलं, "मामा, इथे कोण नाहीये?" तिला तुमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. मग मी माझं वाजवणं तिथून काढायला लावलं. आता तिथे अर्धं मिनिट नुसता ड्रम आहे. रविवारी सकाळी दहा वाजता चांदूरला या. सूर फाटला तर फाटू द्या.

आणखी ता. क. : नाही म्हणायच्या आधी शहाजादीला विचारा. हे पत्र लिहायला तिनंच सांगितलं. पेटी तिनं आठ दिवसांपूर्वीच उघडलीय आणि गाडीही ठरवून ठेवलीय.

शेवटचं ता. क. : आठवणीबिठवणीचं सगळं खरंच आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं? त्या शेवटच्या गाण्यात तिसऱ्या मिनिटाला, नेमका तिथेच, माझा दम संपतो. ते अर्धं मिनिट तुम्ही वाजवलं नाही, तर मी बसू कधी?