शिल्पकाराच्या रकान्यातलं नाव

इचोडा,
१२ सप्टेंबर १९८६

प्रिय मथुराताई,

ही नोकरी मला माझ्या मार्कांवर लागली का? तीन आठवडे हा प्रश्न डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. मी बी.ए. झाले तेव्हा तू घरोघर साखर वाटलीस, म्हणून तुलाच विचारते.

हे पत्र मी इचोड्याच्या बसस्टँडसमोर एका हॉटेलात बसून लिहिते आहे. तलमडुगूच्या इतकी जवळ येऊन घरी आले नाही, याचा राग धरू नकोस. तुझ्या तोंडाकडे बघून मला हे विचारता आलं नसतं.

हैदराबादचं आमचं संग्रहालय जुन्या मूर्तींचं नाही, हे तुला मागे लिहिलं होतं. तिथे आजच्या शिल्पकारांची कामं ठेवतात. सुरुवातीला म्हणे नुसते पुढाऱ्यांचे अर्धपुतळे होते. मग दरवर्षी समिती बसू लागली आणि आपल्याकडे काय नाही ते बघू लागली. दगडाचं काही नव्हतं, तर शिबिर भरवून दहा शिल्पकारांना महिनाभर दगड फोडायला बसवलं आणि त्यातली चार कामं ठेवून घेतली. पितळेचं विकत घेतलं. लाकडाचं कमी होतं, ते लोकांनी भेट म्हणून दिलं. आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो आणि तिचं कार्ड होतं: कुणी केली, कशाची, कुठून आली. ती कार्डं नीट लिहिणं हे माझं काम. कुणाच्या हातचं काम बेनाव राहू नये म्हणून माणसं इतकी झटतात, याचं मला केवढं अप्रूप होतं!

गेल्या महिन्यात कोठारातल्या वस्तू पुसताना एक सागवानी बाई समोर आली. एक पाय पसरून, दुसरा मांडीवर घेऊन तळव्यातला काटा काढत बसलेली. कापूस वेचून आल्यावर आई अशीच बसायची ना? डाव्या पायाची करंगळी आईसारखीच शेजारच्या बोटावर चढलेली होती. पाठीवर लाकूड तासायच्या वाकसाचे घाव उलट्या बाजूला कललेले, डावऱ्या हाताचे. आपल्या बाबांसारखे. कार्डावर लिहिलं होतं, ‘शिल्पकार: उद्धवराव. भेट.’

हे उद्धवराव मोठे शिल्पकार, आमच्या समितीत असतात. मी भीत भीत विचारलं, सर, तुम्ही डावखुरे आहात का? सगळ्यांसमोर हसून म्हणाले, “सुताराची पोर ना तू? मग हातातलं पेन ठेव आणि रंधा घे!” सगळे हसले. मला मात्र दुसरीच गोष्ट लागली. मी सुताराची मुलगी आहे हे मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाकडे संशयाने बघते आहे. शिपायाने चहा आणून दिला तरी वाटतं, यालाही माहीत असेल. मी त्या बाईची फाईल काढली आणि माझ्या नेमणुकीचीही. भेटपत्र जून चौऱ्याऐंशीचं. माझी मुलाखत त्याच महिन्यातली. माझ्या अर्जावर शिफारस कुणाची, तर उद्धवरावांची. ज्या माणसाला मी तेव्हा पाहिलंही नव्हतं त्याची.

उद्धवरावांनी बाबांच्या मूर्तीची चोरीच केली, असं मी धरून चालले होते. म्हणून रजा काढून काल इथे आले आणि बाबा ज्यांच्या आरा मशीनवर काम करायचे त्या लक्ष्मणरावांना भेटले. ते म्हणाले, “चोरी? काऊन वं पोरी, तुह्या बापानंच तं टेम्पोत चढवली थे बाई, तुह्या मायची मूरत! गोणपाटात गुंडाळून, लेकरासारकी. मी मनलं, मोतीराम, चंपाबाईले कुठी धाडून राह्यला? तं मने, हैदराबादच्या सायबाले देतो, पोरीच्या नोकरीचं काम होऊन राह्यलं. तुले मालूमच नाही?”

ताई, मला मालूम नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला आले तेव्हा घरातला आईच्या मूर्तीचा कोनाडा रिकामा दिसला. मी विचारलं, तर तू म्हणालीस, आईला वाळवी लागली, चुलीत घातली. मी रडले, तेव्हा तू पाठ फिरवून भाकरी थापत होतीस. गोणपाटही तूच शिवलंस का? हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण आज माझा तुझ्यावरही विश्वास नाही. आणि तरी माझ्यासाठी तुम्ही दोघांनी काय देऊन टाकलं, तेही मला आता कळलं आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. बाबांना वाचता येत नाही, तेव्हा तू त्यांना शेजारी बसवून शब्दन् शब्द वाचून दाखव. संग्रहालयातून माणसं तलमडुगूला येतील आणि विचारतील, ही बाई तुमची का? माझी नोकरी जाईल या भीतीने बाबा ‘नाही’ म्हणतील, हे मी जाणून आहे. त्यांना सांग, ती भीती आता उरलेली नाही. आज सकाळी मी हैदराबादहून बरोबर आणलेलं कोरं कार्ड घेतलं आणि शिल्पकाराच्या रकान्यात ‘मोतीराम, तलमडुगू’ असं शाईने लिहिलं. खाली लक्ष्मणरावांनी साक्षीची सही केली. त्याला माझा राजीनामा जोडला आणि साडेअकरा वाजता इथल्या पोस्टातून संचालकांच्या नावाने रजिस्टर करून पाठवून दिला.

तुझीच, रागावलेली तरी तुझीच,
द्वारका