निम्मी लाकडं शिल्लक

१४ ऑक्टोबर १९७९
शेगडी आली. १८८२ची, बिडाची, दारावर उठावाचं हरीण. चौघांनी उचलून बैठकीत ठेवली. मीही धरली होती. निदान सूचना देत होतो. यंदा घर तापवायला तेलाला हात लावायचा नाही. तेलवाल्या देशांनी काय करायचं ते करावं. व्हरमाँटने दोनशे हिवाळे लाकडावर काढले, मी एक काढीन. बायकोने, लोइसने विचारलं, थंडी वाजली तर? तिला स्वेटर दाखवले.

१६ ऑक्टोबर
शेजारचे एमरी टटल लाकडं बघून गेले. वय सत्तर. चाळीस वर्षं गाई पाळल्या, त्यामुळे सगळं कळतं अशी समजूत. दोन ओंडके एकमेकांवर आपटून म्हणाले, मास्तर, सुकलेलं लाकूड खणखणतं, हे पुटपुटतंय; गेल्या वर्षी तोडायला हवं होतं. गेल्या वर्षी माझ्याकडे शेगडी नव्हती, हे त्यांना समजावलं.
शेवटी पैज लागली. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, शहाण्या घरात निम्मी लाकडं शिल्लक असतात. माझ्याकडे असली, आणि तोवर तळघरातली तेलाची भट्टी बंद राहिली, तर एमरी गावच्या दुकानात सगळ्यांसमोर हार मानणार. नाहीतर शेगडी त्यांच्या मेपलचा रस आटवायच्या खोपटात जाणार.
भट्टीच्या थर्मोस्टॅटवर चिकटपट्टी लावून पट्टीवर सही केली. स्वतःवर अविश्वास नाही. पण इतिहास शिकवणाऱ्याने पुरावा ठेवावा.

५ नोव्हेंबर, सकाळ
घरात ४८ फॅरनहाइट, श्वासाची वाफ दिसते. लाकूड फुसफुसतं, टोकांतून पाणी गळतं. नव्या घराची सवय व्हायला शेगडीला वेळ लागणारच. हातमोजे घालून वह्या तपासल्या. अक्षर कुणाचंच लागलं नाही, माझंही.

८ नोव्हेंबर
४६. लोइस कोट घालून जेवली. काही बोलली नाही. हा पाठिंबा समजावा का? विचार केला. समजावा.

१२ नोव्हेंबर
६६! स्वेटर उतरला. जिंकलो. शेगडी रुळली. एमरींना मुद्दाम हाक मारून आकडा सांगितला. छान, म्हणाले, आणि माझ्या छपराकडे बराच वेळ पाहत राहिले. मत्सर.

२ डिसेंबर
मांजर शेगडीजवळ बसत नाही, पूर्वी भट्टीची ऊब जिथून वर यायची त्या जमिनीतल्या जाळीवर झोपतं. मांजरांना उष्णतेतलं कळत नाही. जाळीवर हात धरला, गरम वारा आला. क्षणभर शंका आली. मग उलगडलं: शेगडीची उष्णता जिन्याने तळघरात उतरते आणि जाळीतून परत वर येते. जुने कारागीर काय विचार करत!
खालून घुरघुर ऐकू येते. एमरींचा बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर असावा. म्हातारा दिवसभर काय ढकलतो कळत नाही.

२० डिसेंबर
पट्टीची तपासणी. शाबूत. सही पूर्वीपेक्षा सुबक वाटली. नियमित जीवनाचा परिणाम.

१० जानेवारी १९८०
शाळेतून आलो तर शेगडी विझलेली, हात लावला तर गार. घरात ६६. बीड उष्णता धरून ठेवतं हे माहीत होतं; स्वतः गार पडूनही धरतं, हे कुणी लिहिलेलं नाही. हे शक्य आहे का, असं स्वतःला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो असंच उत्तर आलं. वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं.

२ फेब्रुवारी
एमरी मोजपट्टी घेऊन आले. लाकडं निम्म्याहून जास्त! ओलं लाकूड जळत नाही, म्हणून संपत नाही, हा किफायतीचा मुद्दा त्यांच्या लक्षातच आला नव्हता. त्यांनी हात मिळवला, लोइसने भाजलेला ॲपल पाय खाल्ला, जाळीवरच्या मांजराला थोपटलं. दुकानात सोमवारी हार मानतो म्हणाले.

४ फेब्रुवारी, दुपार
शाळा लवकर सुटली. दारात तेलाची गाडी. मी म्हटलं, पत्ता चुकला. ड्रायव्हर म्हणाला, दर महिन्याला इथेच येतो, बाईंनी सांगितलंय, मास्तर शाळेत असताना ये.
लोइसने काही लपवलं नाही. "ऑरिन, तुझी बोटं निळी पडली होती आणि तू आकडे लिहीत बसला होतास. मी कोट घालून जेवले, त्याच्या तिसऱ्या दिवशी भट्टी लावली." आणि नव्या पट्टीवरची सही? वीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकांवर माझी सही तीच करते आहे. तिला जास्त चांगली जमते.
एमरींना हे ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. गप्प राहिलो तर शेगडी माझी. तासभर विचार केला. मग कोट घातला.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
दुकानात एमरी हार मानायला उभेच राहत होते. त्यांना खाली बसवून सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी दचकलं नाही. एमरी म्हणाले, "मास्तर, तुमच्या घराला धुराडी दोन आहेत, आणि भट्टीच्या धुराड्यातूनही धूर निघतो. नोव्हेंबरपासून गाव काणाडोळा करतंय." मग तुम्ही हात का मिळवलात, असं विचारलं. म्हणाले, "ॲपल पाय चांगला झाला होता."
सुकी लाकडं असती तर वेगळं झालं असतं, हे मी तिथे ठासून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, जरा जास्तच लवकर.

५ फेब्रुवारी
शेगडी घसरगाडीवरून एमरींकडे गेली. जाताना हरणाला हात लावला. गार होतं. जिथे ती होती तिथे आता खुर्ची आहे, खुर्चीत मांजर.
घरात ६६.