चाचीनं अडवलेली वाटी

प्रिय कलीम,

तुझं पाकीट मिळालं. चाचीनं सांगितलेल्या चार ओळी तू उतरवून पाठवल्यास, इंग्रजीत करून राजदूतसाहेबाला दे म्हणून. आठ दिवस झाले, तो कागद टेबलावर तसाच पडून आहे. काऊन, ते सांगतो. वाचताना मध्येच फाडू नकोस.

जानेफळच्या इंद्रभान मास्तरांचा पोरगा दिल्लीत परदेशी दूतावासात दुभाषा, याचं तुम्हा सगळ्यांना केवढं कौतुक! अरे, शिसारी आली आहे मला त्या जागेची. यांची विमानं मुसलमानांच्या गावांवर बॉम्ब टाकतात आणि इकडं हे उर्दू मुशायरे भरवतात, पोरांना शिष्यवृत्त्या वाटतात. याला पब्लिक डिप्लोमसी म्हणतात. दर महिन्याला एक बाई तक्ता दाखवते, मुसलमानांचा यांच्यावरचा राग किती उतरला त्याचा. ताप मोजावा तसा राग मोजतात, बे! तो आला काऊन, हे मात्र कोणी विचारायचं नाही.

ईदेला साहेब मुसलमानाच्या घरी जेवताना दिसले पाहिजेत असं ठरलं, तेव्हा पिंपळगाव राजातलं तुझं घर मीच सुचवलं. परदेशात बंदरावर क्रेन चालवणारा तुझा भाऊ गुलजार यांच्याच बॉम्बनं गेला, हे दूतावासात कोणाला माहीत नव्हतं. मला होतं. म्हटलं, तीन वर्षं झाली, चाची काही बोलणार नाही. इतका हलकट झालो होतो मी.

तू गाड्या लावून द्यायला बाहेर होतास. चाचीनं शीरखुर्म्याची वाटी भरली, पण साहेबानं हात पुढं करताच मागं ओढली. मला म्हणाली, "इचार त्याले, माह्या गुलजारवर बॉम्ब काऊन टाकला? आधी माफी माग म्हणा, मंग खा."

आपल्याकडं जेवायला बसलेल्या पाहुण्याला कोणी टोचून बोलत नाही, त्यात समोर कॅमेरा चालू. मी घाबरलो. इंग्रजीत सांगितलं, यांचा मुलगा वारला, तुमच्यात त्यांना तो दिसतो, खा म्हणतात. साहेबाचे डोळे भरले. तो हात जोडून चाचीच्या पायाशी वाकला. ते वाकणंही मीच त्याला येताना गाडीत शिकवलं होतं. चाची ढसाढसा रडली आणि तिनं स्वतःच्या हातानं वाटी त्याच्या हातात दिली.

त्याचा व्हिडिओ झाला, पाच भाषांत. तक्त्यावरचा राग म्हणे खूप खाली आला. ऑफिसात केक कापला आणि मी तो खाल्ला. थू माझ्या जिंदगानीवर!

आता चाचीच्या ओळी. "बेटा, तू झुकला, माफी मांगली. म्या तुले माफ केलं. गुलजारची कबर तिकडंच हाये, कधी गेला त एक फूल टाकजो." शिवाय तू लिहितोस की तीन वर्षांनी चाचीला आता रात्री झोप लागते. कलीम, माफी कोणीच मागितली नाही. तिचा प्रश्न साहेबापर्यंत गेलाच नाही, मी तो मध्येच गिळला. काल त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, व्हिडिओ फार छान चाललाय, आता हे कुठं बोलू नकोस. मी राजीनामा टेबलावर ठेवून निघून आलो. शुक्रवारी शेगावला उतरून थेट तुझ्याकडं येतो. त्याआधी हे पत्र चाचीला वाचून दाखव. तिची झोप पुन्हा उडेल, माहीत आहे मला. पण न मागितलेली माफी तिनं देऊन टाकावी, हे मला बघवत नाही. दार उघडायचं की नाही, ते तिलाच ठरवू दे. नाही उघडलं, तर बाहेरूनच तिची माफी मागेन. ती कळायला तिला दुभाषा लागणार नाही.

तुझाच, अजून तसं म्हणू देशील तर,
अश्वजित